घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ घ्यायचाय, तर आधी काय काय बघायचं

सुतारकाम नवीन सुरू केलेले ओळखीतले लोक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, की टेबल सॉ घ्यायचाय, किती वॅटचा घेऊ. प्रश्न बरोबर आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी तीन गोष्टी बघायच्या. लाईट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होतं का, पात्याच्या मागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे लाकूड उडू न देणारी स्टीलची पट्टी, आहे का, आणि फेन्स, म्हणजे ज्याला टेकवून लाकूड सरळ ढकलतो ती सरकती पट्टी, लॉक केल्यावर पात्याला समांतर राहतो का. या तिन्हीचं उत्तर नीट मिळालं तर दोनशे वॅट इकडे तिकडे झाले तरी घरच्या कामात काही अडत नाही. आणि यातलं एक जरी उत्तर चुकलं तरी कितीही जोरदार मोटर असली तरी ते मशीन घरी आणू नका, मी अगदी मनापासून सांगतेय.

मी नाशिकला घरामागच्या शेडमध्ये काम करते, जागा दहा बाय बारा फूट, वर पत्रा, सिंगल फेज कनेक्शन. बऱ्याच जणांची परिस्थिती अशीच असते, म्हणून तेवढ्याच जागेचा विचार करून लिहितेय. कारखान्यासाठी घ्यायचा असेल तर गणित वेगळं.

आधी ठरवा, बनवायचं काय आहे

टेबल सॉमध्ये पातं जागच्या जागी फिरतं आणि लाकूड आपण ढकलतो. सगळं यातच आलं. म्हणजे जे लाकूड तुम्ही टेबलावर नीट धरून सरळ ढकलू शकता त्याच्यासाठी हे मशीन एकदम छान आहे, आणि जे तुमच्याच्याने सांभाळत नाही त्याच्यासाठी धोक्याचं आहे. आता बघा, ८ बाय ४ फुटाची १९ एमएम प्लायची शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते, आणि घरी परवडणारे पोर्टेबल टेबल सॉ असतात २२ ते ३० किलोचे. म्हणजे मशीनपेक्षा शीटच जड! ती एकट्याने टेबलावर चढवून ढकलायला गेलं की मशीन कलंडतं नाहीतर शीट तिरकी होते, आणि शीट तिरकी झाली की काय होतं ते पुढे किकबॅकच्या, म्हणजे लाकूड उलटं आपल्याकडे उडण्याच्या भागात सांगते.

म्हणून तुमचं मुख्य काम वॉर्डरोब, किचनच्या ट्रॉल्या, पलंगाचे बॉक्स असं शीटचं असेल तर आधी टेबल सॉ घेऊच नका. जमिनीवर थर्माकोलची जाड शीट टाका, त्यावर प्लाय आडवी ठेवा आणि ७ इंची हातातला सर्क्युलर सॉ सरळ पट्टीला क्लॅम्प लावून चालवा, नाहीतर बजेट असेल तर ट्रॅक सॉ (पट्टीवरच सरकणारा सर्क्युलर सॉ) घ्या. काम जास्त सुरक्षित होतं आणि कडही चांगली येते. पण सागवानाच्या पट्ट्या काढायच्या, फ्रेम बनवायच्या, छोटे बॉक्स, स्टूल, चौरंग, देव्हारा, एकाच मापाचे वीस तुकडे, असं काम असेल तर टेबल सॉला तोड नाही. मी आधी सहा महिने सर्क्युलर सॉवरच काढले आणि त्यामुळे मला नक्की कळलं की माझं अडतं कुठे, एकसारख्या अरुंद पट्ट्या निघत नव्हत्या. तुम्हीही तसंच करा, घाई नको.

उलटा लावलेला कटर नको

हे लिहिताना मला सुतारांबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये, मी स्वतः जे शिकले ते आमच्या गल्लीतल्या सुतारमामांकडूनच शिकले. पण साइटवर जो प्लायचा ठोकळेबाज टेबल असतो, त्याला खालून मार्बल कटर उलटा बसवलेला, स्विच दाबून लॉक केलेला आणि कधी कधी चिकटपट्टी लावलेला, तो बघून घरी तसाच करायचा मोह होतो कारण दोन-तीन हजारात काम होतं. मामांच्या डाव्या अंगठ्याचं टोक नाहीये आणि ते असल्याच टेबलावर गेलं. ते स्वतः मला म्हणाले, "बाई, आम्ही पोटासाठी केलं, तू हौसेसाठी करतेस, तू नको करू."

कारण समजून घ्या. मार्बल कटर दगड आणि टाइल्स कापायला बनवलेला असतो, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो, त्याला लाकडाचं दातेरी पातं लावलं की ते लाकूड पकडून ओढतं. मागे रायव्हिंग नाइफ नाही, वर गार्ड नाही, पातं जेमतेम सव्वा-दीड इंच वर येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्विच लॉक असतो. लाईट गेली, तुम्ही अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली, की संपलं.

स्विच: लाईट जाणाऱ्या गावात ही पहिली परीक्षा

वरचं वाचून लक्षात आलंच असेल की मी स्विचला इतकं महत्त्व का देते. चांगल्या टेबल सॉवर नो-व्होल्ट रिलीजचा स्विच असतो, म्हणजे करंट गेला की स्विच स्वतःच बंद होतो, आणि परत आला तरी तुम्ही हिरवं बटण दाबल्याशिवाय पातं फिरत नाही. परदेशातल्या व्हिडिओत याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही कारण तिकडे लाईट फारशी जातच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा जाते.

दुकानात हे तपासायला अर्धा मिनिट लागतं. मशीन सुरू करा, मग भिंतीवरचं सॉकेटचं बटण बंद करा, पातं थांबू द्या, परत चालू करा. मशीन गप्प राहिलं तर पास. सुरू झालं तर ते मशीन नको, दुकानदार काहीही सांगू दे.

दुसरं म्हणजे बंद करायचा भाग मोठा, लाल आणि बाहेर आलेला पाहिजे. दोन्ही हात लाकडावर अडकलेले असताना मांडीने किंवा गुडघ्याने ढकलून मशीन बंद करता आलं पाहिजे. दुकानात खाली वाकून शोधावं लागणारं छोटं बटण घरी ऐनवेळी सापडत नाही.

रायव्हिंग नाइफ आणि किकबॅक

हा भाग घाईत वाचू नका.

पात्याचा पुढचा भाग, म्हणजे आपल्या बाजूचा, लाकूड खाली टेबलावर दाबतो. मागचा भाग मात्र खालून वर येत असतो. लाकूड कापून पुढे गेल्यावर दोन भाग होतात, आणि लाकडात आतून ताण असेल, लाकूड ओलं असेल किंवा फेन्स तिरका असेल तर ते दोन भाग एकमेकांकडे मिटतात किंवा एक भाग तिरका होऊन मागच्या दात्यांवर चढतो. ते दाते तो तुकडा उचलतात आणि सरळ तुमच्या पोटाच्या दिशेने फेकतात. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे फिरतंय असं धरलं तर दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येतो, तुम्हीच विचार करा. आणि तुकडा उडतो तेव्हा त्याच्यावर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जातो, बोटं बऱ्याचदा अशीच जातात. म्हणून "मी हात लांबच ठेवतो" असं म्हणून भागत नाही.

रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली स्टीलची वक्र पट्टी. ती त्या दोन भागांच्या मध्ये राहते, त्यांना मिटू देत नाही आणि मागच्या दात्यांपर्यंत पोचू देत नाही. ती पात्याबरोबर वरखाली आणि तिरकी झाली पाहिजे, जागीच उभी राहणारी पट्टी असते ती स्प्लिटर, ती रायव्हिंग नाइफइतकी उपयोगाची नाही कारण पातं खाली घेतलं की दोघांमध्ये मोठी फट पडते. पात्यापासून अंतर ३ ते ८ एमएम. जाडीचा हिशोबही बघायचा: नाइफ पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि दात्यांनी पडणाऱ्या फटीपेक्षा बारीक पाहिजे, चांगल्या नाइफवर ही मापं कोरलेली असतात. नंतर स्वस्तातलं बारीक पातं आणून लावलं आणि नाइफ फटीपेक्षा जाड निघाला तर लाकूड मध्येच अडकतं, आणि मग लोक चिडून नाइफच काढून ठेवतात. नाइफ काढू नका, पातं बदला.

लोखंडी रंधा मशीन, ज्याच्या एका बाजूला करवतीचं पातं असतं, ते सेकंडहँड स्वस्तात मिळतं आणि ओतीव लोखंडाचं असल्यामुळे भारदस्त वाटतं. रंध्याचं काम ते फार सुंदर करतं. पण करवतीच्या बाजूला नाइफ नाही, गार्ड नाही, पट्टा उघडा. नवशिक्याने त्यावर फाडकाम करू नये असं माझं ठाम मत आहे.

फेन्स, जिथे मी स्वतः चुकले

माझं पहिलं मशीन मी वॅट बघूनच घेतलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मोटर दणदणीत होती, फेन्स मात्र पत्र्याचा, एकाच टोकाला लॉक होणारा, मागचं टोक बोटाने दाबलं तरी दोन एमएम हलायचं. मला तेव्हा वाटलं दोन एमएमने काय फरक पडतोय. सागवानाच्या पट्ट्या काढत होते, कडा काळ्या पडायला लागल्या, जळका वास यायला लागला, मला वाटलं पातं बोथट झालंय. तिसऱ्या की चौथ्या पट्टीला मागचं टोक पात्याकडे सरकलं, पट्टी फेन्स आणि पात्याच्या मध्ये आवळली गेली आणि माझ्या कमरेच्या बाजूने जाऊन मागच्या शटरवर आदळली, शटरला खड्डा पडला. मामांनी शिकवलं होतं म्हणून मी पात्याच्या रेषेत नव्हते, डाव्या बाजूला उभी होते. त्या एका सवयीने वाचले.

तर फेन्स असा बघायचा. लॉक करा आणि मागचं टोक हाताने जोरात ढकला, अजिबात हलता कामा नये. मग लॉक काढा, सरकवा, परत लॉक करा, असं पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी पात्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून फेन्सचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही सारखं आलं तर उत्तम. मागचं टोक केसभर लांब असलं तर चालतं, जवळ असलेलं मुळीच चालत नाही. आणि पाचही वेळा उत्तर तेच आलं पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं, कारण एकदा चुकलेलं ॲडजस्ट करता येतं, दरवेळी वेगळं येणारं करता येत नाही.

पोर्टेबल मशीनमध्ये डीवॉल्टचा रॅक अँड पिनियन फेन्स मला आवडतो, पुढे-मागे दोन्हीकडे दात्यांच्या पट्टीवर चालतो म्हणून सरकवताना तिरका होत नाही. बॉश आणि मकिताची मशीनंही लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण नावावर जाऊ नका, जे मशीन तुम्हाला मिळणार आहे त्याच मशीनवर वरची परीक्षा करा.

आता वॅट, आणि घरातलं वायरिंग

घरच्या पोर्टेबल मशीनमध्ये साधारण १,५०० ते २,००० वॅटची युनिव्हर्सल मोटर येते, कार्बन ब्रशवाली, आवाज खूप पण हलकी आणि जोरदार. मोठ्या कॅबिनेट सॉमध्ये इंडक्शन मोटर असते, आवाज कमी, आयुष्य भरपूर, पण मशीन शंभर-दोनशे किलोच्या घरात जातं आणि बऱ्याचदा थ्री फेज लागतो. दहा बाय बाराच्या शेडमध्ये १,८०० वॅट भरपूर झाले. सागवानाची दोन इंची फळी सावकाश ढकलली की आरामात कापते. मोटर दम खातेय असं वाटलं तर दहातले आठ वेळा पातं खराब असतं किंवा फेन्स.

१,८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर. म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, गीझर-एसीचं असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट पाहिजे. व्हॅक्यूम क्लीनरही बरोबर चालवणार असाल तर त्याला वेगळी लाइन काढा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, आणि सुरू करताना एमसीबी उडत असेल तर सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाचा झटका सहन करणारा, लावायला सांगा. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ स्क्वेअर एमएमची वायर, शक्य तितकी छोटी, आणि पूर्ण उलगडलेली, गुंडाळलेली वायर गरम होते.

इथेच एक सांगते कारण बऱ्याच घरांत मुलगा नाहीतर भाचा अमेरिकेत असतो आणि "तिकडून घेऊन ये" असं ठरतं. नका करू. तिकडची मशीनं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथे लावायला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि इंडक्शन मोटर असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर फेरेही एक षष्ठांश कमी होतात. वॉरंटी नाही, कार्बन ब्रश मिळाले नाहीत तर मशीन शोपीस. तिकडे सॉस्टॉप नावाचा सॉ आहे, त्यात बोट पात्याला लागताक्षणी साधारण ५ मिलीसेकंदांत ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून पातं थांबवतो, बोटाला जेमतेम खरचटतं. फार मोलाचं तंत्र आहे आणि आपल्याकडे घरच्या बजेटमध्ये ते यावं असं मला मनापासून वाटतं. तोवर आपल्या हातात नाइफ, गार्ड आणि पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) आहेत, ते तरी पूर्ण वापरायचे.

पातं: एक सूत लाकूड दरवेळी जातं

मशीनबरोबर येणारं पातं बहुतेक वेळा कामचलाऊ असतं, म्हणून बजेट ठरवतानाच चौथा हिस्सा पातं, चष्मा, इअर मफ आणि व्हॅक्यूमसाठी बाजूला ठेवा. सगळे पैसे मशीनमध्ये घालून वरचं काहीच न घेणारे लोक मी पाहिलेत.

पात्याचा मधला होल बघून घ्या. १० इंची पाती आपल्याकडे २५.४ एमएम आणि ३० एमएम अशा दोन होलमध्ये मिळतात. मशीनला कुठलं लागतं ते डब्यावर लिहून ठेवा, नाहीतर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं महागाचं पातं घरी आल्यावर बसत नाही.

दाते: लाकूड रेषेच्या दिशेने फाडायला २४ दाती, प्लाय आणि सनमायका लावलेल्या शीटला ६० किंवा ८० दाती, आणि एकच घ्यायचं तर ४० दाती टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे दाते बसवलेलं. मी दोन ठेवते, २४ आणि ६०. ६० दातीने सागवानाची जाड फळी फाडायला गेलात तर भुसा निघायला जागा मिळत नाही, लाकूड जळतं.

नेहमीचं पातं ३.२ एमएमची फट पाडतं, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत बरोब्बर एक सूत. आठ कट म्हणजे एक इंच लाकूड भुशात. वखारीतून फळी आणताना हा हिशोब करूनच आणा. सहा इंची फळीतून दीड इंचाच्या चार पट्ट्या निघत नाहीत, तीनच निघतात आणि एक अरुंद उरते, हे मला पहिल्याच देव्हाऱ्याच्या वेळी कळलं.

आणि जुनं सागवान. पुण्याला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला, नागपूरला लकडगंजला, सगळीकडे जुन्या वाड्यांचं लाकूड येतं, सुकलेलं, पक्कं, रंग असा की बघत राहावं. पण त्यात खिळे मोडून राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत. कापायच्या आधी भिंतीतली वायर शोधायचा छोटा डिटेक्टर मिळतो तो फिरवा, नाहीतर जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवा. टीसीटीचा दाता खिळ्यावर बसला की तुटतो आणि तो तुकडा गोळीसारखा उडतो. पॅलेटच्या पाइनलाही हेच लागू, शिवाय ते बऱ्याचदा ओलं असतं.

भुसा, आवाज, शेजारी

लाकडाची बारीक धूळ कर्करोग करू शकते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय, विशेषतः नाकाचा. सागवानाच्या धुळीने बऱ्याच जणांना अंगाला खाजही सुटते, एमडीएफची धूळ तर त्याहून बारीक. म्हणून मशीनला डस्ट पोर्ट आहे ना, आणि तो तुमच्या व्हॅक्यूमच्या पाइपला बसतो ना, हे बघा, मापं वेगवेगळी असतात, ॲडॅप्टर लागतो. व्हॅक्यूम असला तरी एन९५ मास्क लावायचाच.

आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. इअर मफ घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत टेबल सॉ हा विचार सोडून द्या, खालच्या-वरच्यांना सहन होण्यासारखं नाहीये ते. बंगला किंवा रो हाउस असेल तर आधी शेजारच्या काकूंना विचारून वेळ ठरवून घ्या, आमच्याकडे दुपारी एक ते चार मशीन बंद म्हणजे बंद.

दुकानात जाताना

पिशवीत गुण्या (काटकोन तपासायचा), एक फुटी स्टीलची पट्टी, मार्कर पेन आणि एक रुपयाचं नाणं घ्या. सकाळी जा, संध्याकाळी गर्दीत कोणी डेमो देत नाही. ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी निदान तेच मॉडेल एकदा हाताळून मग मागवा, आणि तुमच्या शहरात त्याचं सर्व्हिस सेंटर आहे का हे फोन करून विचारा.

प्लग काढलेला असताना पातं हाताने धरून आडवं हलवा, आर्बरमध्ये, म्हणजे पातं बसतं त्या दांड्यात, खडखड जाणवता कामा नये. पट्टी उभी कडेवर धरून टेबलावर तिरकी, आडवी फिरवा, खालून उजेड फार दिसत असेल तर टेबल वाकलेलं आहे. पात्याचा एक दाता मार्करने रंगवा, माइटर स्लॉटपासून (टेबलावरची पात्याला समांतर खाच) त्याचं अंतर पुढे मोजा, पातं फिरवून तोच दाता मागे न्या आणि परत मोजा. दोन्ही माप सारखं पाहिजे. फरक असला तर तो ॲडजस्ट करता येतो का ते विचारा, काही स्वस्त मशीनमध्ये तशी सोयच नसते. पातं ९० वर आणि ४५ वर नेऊन गुण्या लावा. माइटर स्लॉट १९ एमएम रुंदीचा असला तर पुढे जिग (लाकूड ठरावीक जागी धरायचा साचा) बनवताना किंवा विकत घेताना सोपं जातं. मग प्लग लावून स्विचची परीक्षा, आणि शेवटी टेबलावर नाणं उभं करून मशीन सुरू करा. चांगल्या मशीनवर ते उभं राहतं. पोर्टेबल मशीनवर सुरू होताना पडलं तर चालेल, पण पूर्ण वेगात आल्यावर परत ठेवलेलं नाणं नाचत सरकत असेल तर दुसरं मशीन दाखवायला सांगा. खोबणी पाडायला डॅडोचं जाड पातं लावायचं डोक्यात असेल तर इथे मिळणाऱ्या बऱ्याच मशीनचा आर्बर त्याला पुरेसा लांब नसतो, खोबणी राउटरने पाडा.

घरी आणल्यावर पहिला दिवस

स्टँड जमिनीवर डगमगत असेल तर आधी ते सोडवा. आउटफीड म्हणून मागे त्याच उंचीचं टेबल ठेवा, कापलेलं लाकूड खाली पडायला लागलं की आपला हात नकळत पात्यावरून पुढे जातो.

कपडे: सैल बाही नको, ओढणी नको, मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवा, मनगटातला दोरा, गंडा, कडं, घड्याळ सगळं काढा. हातमोजे अजिबात नाहीत, कापड दात्यात अडकलं की पूर्ण हात आत जातो. पात्याची उंची लाकडाच्या वर दोन सूत, जास्त नाही. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. फेन्स आणि माइटर गेज (माइटर स्लॉटमध्ये सरकणारा, आडव्या कटाला लाकूड टेकवायचा आधार) दोन्ही एका कटात वापरायचे नाहीत, आडवा कट घेताना तुकडा मध्ये अडकून उडतो. फेन्स किंवा गेजचा आधार न घेता नुसत्या हाताने कधीच कापायचं नाही. फेन्स आणि पात्यात चार बोटांपेक्षा कमी जागा असेल तर पुश स्टिक. पातं बदलताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढून तो डोळ्यासमोर टेबलावर ठेवायचा.

घरात कोणालातरी सांगून काम सुरू करा, आणि देव न करो पण बोट तुटलंच तर जखम स्वच्छ कपड्याने दाबून हात वर धरा, तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, थेट बर्फावर ठेवायचं नाही. प्लास्टिक सर्जन असलेल्या हॉस्पिटलला फोन करून लगेच निघा. हे कागदावर लिहून शेडच्या दाराला लावलंय मी, तुम्हीही लावा.

पावसाळ्यात टेबलावर महिन्यातून एकदा साधी मेणबत्ती घासून कापडाने पुसा, लाकूडही सरसर सरकतं. आतले उंची-तिरकेपणाचे स्क्रू कोरड्या ब्रशने साफ करून त्यालाही मेण लावा, तेल नको, तेलाला भुसा चिकटून लगदा होतो.

मग टाकाऊ १२ एमएम प्लायचा सहा-सात इंच रुंद तुकडा घ्या, वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारा आणि माइटर गेज ९० वर ठेवून आडवा कट घ्या. मशीन बंद करा, पातं थांबलं की दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कट एकमेकांना लावा, पण एक तुकडा उलटा करून, म्हणजे फुली खाली. मध्ये फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गेज फटीच्या निम्म्याने सरकवा, परत कट घ्या, परत उलटा करून बघा. मला पहिल्यांदा हे जमायला नऊ तुकडे लागले. फट दिसेनाशी झाली की गेजचा स्क्रू पक्का आवळा, त्या जागी रेघ मारून ठेवा, आणि मग सागवानाची पहिली फळी टेबलावर घ्या.